अनामत: अंगावरचे कपडे

लोकांचे कपडे सांभाळायची नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. शर्टाची बटणं काढता काढता माणूस आपणहून सांगत सुटतो. अशी दोन वर्षं माझ्याकडे साचली आहेत. मित्र म्हणतात, लिहून काढ. लिहितो, पण मोठ्या माणसांच्या तक्रारी आल्या तर तुम्ही निस्तरा. कारण यात सगळी मोठी माणसंच आहेत. लहान मुलं आमच्याकडे नीट वागायची.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. जळगावला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष मी अर्ध्यात सोडलं. का सोडलं ते घरी इतक्या वेळा सांगून झालंय की इथे सांगत नाही. पारोळ्याच्या अलीकडे हायवेला आबांचं पार्क होतं, तिथे कामाला लागलो. आबा रावेरकडचे, केळीचे बागायतदार. बोर्डावर 'फन पार्क' लिहिलेलं, लोक म्हणायचे 'आबानी बाग', म्हणजे आबांची बाग. एक पाळणा, एक छोटी रेल्वे, एक कारंजं आणि सिमेंटचे चार हत्ती.

आबांचा पुतण्या परदेशातून आला. त्यानं सांगितलं, तिकडे अशा बागेत मोठी माणसंही आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून येतात. पुढे तो बरंच बोलला, पण आबा कुणाचं पूर्ण ऐकत नसत. दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली: 'वेश करून येणाऱ्यास प्रवेश फुकट'. वेश नसेल तर तोही आम्हीच द्यायचा. पाळण्याला आणि रेल्वेला मात्र तिकीट.

वेश आले धुळ्याहून. तिथे अक्का म्हणून एक बाई राहायच्या, त्यांच्या नवऱ्याची ड्रेपरी होती. नाटकांना, गॅदरिंगला राजे, डाकू, इन्स्पेक्टर भाड्यानं पुरवायची. नवरा गेला, नाटकं थंडावली, आठ पेट्या उरल्या. आबांनी त्या पेट्या, अक्का आणि अक्कांची मुलगी शोभाताई, सगळ्यांना एकाच ट्रकनं पार्कात आणलं. पेट्यांच्या मागे एक खोली दिली.

पहिल्याच रविवारी चार राजे आणि एक राणी आमच्याच कपड्यांत एस.टी.नं घरी गेले. मग आबांनी नियम काढला: अंगावरचे कपडे अनामत ठेवा, पितळी बिल्ला घ्या आणि मग राजा व्हा. म्हणाले, "उघडा माणूस जाऊन जाऊन जाईल कुठे?"

बिल्ले देणं आणि वहीत नाव-गाव लिहिणं शोभाताईकडे. कपडे टांगणं, शेपट्या बांधणं माझ्याकडे.

शोभाताई सव्वीस वर्षांची आणि पाच फूट नऊ इंच. नऊ स्थळं येऊन गेली. नऊ वेळा पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि 'मुलगी उंच आहे' असं पोस्टकार्ड टाकलं. या खात्याचे प्रमुख म्हणजे अक्कांचे भाऊ. ते कचेरीतले रिटायर्ड कारकून, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी जाहीर केलं होतं, दहावं स्थळ पिंपळनेरचं, दिवाळीनंतर येतंय. ते फिसकटलं तर शिंदखेड्याचा बिजवर. वय पंचेचाळीस, दोन मुलं. "त्यांना उंचीचं काही नाही," मामा म्हणाले. शोभाताईनं बिजवराचा फोटो पाहिला, पालथा करून शिलाई मशीनच्या खणात ठेवला आणि खण बंद केला.

दिवाळीला तेव्हा चार महिने होते. तोवर बाकीचं चालूच होतं.

*

गेटवर मुरलीभाऊ बसायचे. शिक्षण चौथी, पण कलेक्टरला अडवतील असा माणूस. लगीनसराईत एकदा बाहेर वऱ्हाडाचा ट्रक थांबला. नवरदेव उतरला. डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, गळ्यात हार. सरळ गेटवर आला आणि म्हणाला, "वेश शे ना आंगवर. सोड मधमा."

मुरलीभाऊंनी त्याला खालून वर पाहिलं. "लगीन खरं शे का खोटं?"

"खरंच शे ना भो. आत्तेच लागनं."

"मंग तिकीट काढ. खोटासले फुकट शे, खरासले नही."

नवरदेव चिडला. आबांना बोलावलं. आबांनी बराच विचार केला आणि मुरलीभाऊंचंच खरं केलं. म्हणाले, याला सोडला तर उद्या बठ्ठं गाव नवरदेव होऊन येईल. नवरीचे वडील पुढे झाले, त्यांनी जावयाला बाजूला घेऊन समजावलं. शेवटी नवरदेवानं बाशिंग, हार, शेला, सगळं आमच्या काउंटरवर जमा केलं आणि डाकूचा ड्रेस घालून फुकट आत गेला.

नवरीनं स्वतःचं तिकीट काढलं होतं. ती आत अर्धा तास त्याला शोधत होती.

*

धुळ्याचे एक कॅशिअर दर रविवारी येऊन इन्स्पेक्टरचा ड्रेस घ्यायचे. दुसरं काही दाखवायची सोय नव्हती. ड्रेस चढला की पाळण्याची रांग सरळ करायचे. आधी हातानं, मग तोंडानं. माणसं ऐकायची. बँकेत त्यांचं कोण ऐकत असेल ते देव जाणे.

एका रविवारी साध्या कपड्यांत बायको-पोरांना घेऊन एक हवालदार आले. खरे. रांगेत कॅशिअर अंगावर ओरडले तसा त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. कॅशिअर क्षणभर गांगरले, पण ड्रेसनं त्यांना सावरलं असावं. त्यांनी हवालदाराला सोडा आणायला पाठवलं. हवालदारांनी आणला.

संध्याकाळी दोघं एकाच वेळी काउंटरवर. कॅशिअर टेरिकॉटचा शर्ट घालून, पिशवी घेऊन, मान खाली घालून निघून गेले. हवालदारांनी मला विचारलं, "हे कोण?"

"कॅशिअर."

त्यांनी बिल्ला माझ्या हातात ठेवला आणि आपले कपडे मागितले.

पुढच्या रविवारी पुन्हा आले, पुन्हा कॅशिअर दिसले आणि पुन्हा खाडकन सॅल्यूट. मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, आता तर माहितीये ना तुम्हाला?

"मग? ड्रेसला केला," ते म्हणाले. "ड्युटीवर पण मी हेच करतो."

*

आमचे ड्रॉइंगचे एक सर होते. माझी शीट टराटरा फाडून वर्गाला दाखवायचे. ते सहकुटुंब आले. आल्या आल्या मला ओळखलं नाही. ओळखलं असतं तर कदाचित दुसरा ड्रेस घेतला असता. त्यांनी राक्षसाचा घेतला.

मी मागे बसून शेपटी बांधत होतो. सर आरशात स्वतःची शिंगं नीट करत होते. तेवढ्यात आरशातच त्यांची नजर माझ्यावर पडली. "तू मागच्या बॅचचा ना रे? सोडलंस ना मधेच?"

"हो सर."

मग सुरू झालं. आयुष्य म्हणजे काय, आईवडिलांचा घाम म्हणजे काय, अर्धवट माणसाला समाजात काय किंमत. मध्ये मध्ये शिंग डोळ्यावर यायचं, ते वर करून पुन्हा सुरू. दहा मिनिटं. रांगेत दोन राण्या आणि एक अस्वल खोळंबलेलं.

मी विचारलं, "सर, शेपटी घट्ट बांधू की सैल?"

ते थांबले. जरा विचार करून म्हणाले, "घट्ट बांध. पाळण्यात बसायचंय."

*

आता आठव्या स्थळाचं सांगतो, म्हणजे मामा कळतील.

मामांचं मत, नुसत्या कारकुनाची भाची म्हटल्यावर समोरचे उंचीवर बोट ठेवतात. घरात वकील दिसला तर ठेवणार नाहीत. म्हणून त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून वकिलाचा काळा कोट घेतला आणि गळ्याला पांढरे बंद लावले. बिल्ला नेला नाही, अनामत कपडे ठेवले नाहीत. शोभाताईनं वहीत तशी नोंद केली.

पाहुणे होते चोपड्याकडचे. नवऱ्या मुलाच्या बापानं कोट पाहिला तेव्हापासून त्याचं मुलीकडे लक्षच नव्हतं. पोहे संपायच्या आत पिशवीतून कागदांचं बाड निघालं. बांधाची केस होती, भावाभावांत, बारा वर्षं चाललेली. मामांना 'मी वकील नाही' म्हणायला तेव्हा तीन संधी मिळाल्या. मी मोजल्या. तिन्ही वेळा ते चष्मा पुसत 'हं' म्हणाले.

आठ दिवसांनी कार्ड आलं: मुलगी उंच आहे, क्षमस्व. वकीलसाहेबांनी पुढच्या तारखेला यावं.

अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. मामा तारखेला गेले.

*

केळीवाल्यांचं एक दुखणं असतं. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. यावल-रावेरकडची जुनी माणसं एकसारखी दिसतात ती त्यामुळेच. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि सगळ्यावर तेच तपकिरी डाग.

असे दोन नाना एकाच दिवशी आले. एक राजा झाले, एक ऋषी. परत आले तेव्हा दोघांचेही बिल्ले कारंज्यात पडले होते. हँगरवर दोन सारखे जोड. शोभाताईनं विचारलं, "खिशात काय होतं सांगा."

"तंबाखू, चुना, अडकित्ता," राजे म्हणाले.

"माह्या बी खिशात तेच," ऋषी म्हणाले.

मग डागांवरून भांडण. हा डाग माझा, तो तुझा. राजे म्हणतात हा डाग आमच्या लेकीच्या लग्नाच्या वर्षाचा. ऋषी म्हणतात तो डाग माझ्या भावाच्या वाटणीचा. शेवटी कंटाळून दोघांनी हाताला आलं ते घातलं.

पुढच्या रविवारी ऋषींची बायको एकटीच आली. हातात सदऱ्याची घडी.

"बदलून दे बाई."

"का हो काकू? मापाला होत नाही?"

"मापाला होतो. पण आठ रोज झाले, माणूस एकदा बी वरडला नाही माह्यावर. मले भेव वाटतं."

शोभाताईनं दुसऱ्या नानांचं गाव वहीतून शोधून सदरा बदलून दिला. महिन्यानं काकू पुन्हा दिसल्या. काउंटरशी रेंगाळल्या, खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो मांगचा सदरा आहे का गं अजून?"

*

दिवाळी झाली. पिंपळनेरची मंडळी यायची ठरली. रविवारी, टीव्हीवरची मालिका संपल्यावर, अकरा वाजता. मामांनी जागा निवडली ती कारंज्याजवळची शेड. म्हणाले, एका खोलीत दाखवण्यापेक्षा इथे ऐसपैस दिसतं. मुलगा सोसायटीत सेक्रेटरी. मामांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. मुलगा, आई, वडील आणि काका असे चौघं येणार, एवढीच माहिती. स्वतः मामा पुन्हा काळ्या कोटात.

शोभाताई साडेनऊपर्यंत काउंटरवर होती. बिल्ले देत होती, वही भरत होती. मग अक्का तिला ओढतच साडी नेसवायला घेऊन गेल्या.

पावणेअकराला पिंपळनेरवाले आले. गेटवर मुरलीभाऊंनी पाटी दाखवली. फुकट म्हटल्यावर मुलाच्या वडिलांनी सगळ्यांना कपडे काढायला लावले. मुलगा राजकुमार, वडील राजे, आई राणी, काका जादूगार. मी म्हटलं, शेड तिकडे आहे, वाट बघतायत. राजे म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं आहेत. आधी रेल्वे, मग मुलगी."

रेल्वे बोगद्यात गेली आणि बंद पडली. आबांनी मला हाक मारली, "ये रे इंजिनिअर." पार्कात काहीही बंद पडलं की मी इंजिनिअर. तिथे वंगणात हात घालून बसलो, आणि आतून राजांचा आवाज, "किती वेळ? आम्हाला मुलगी पाहायचीय."

पुढचं मला अक्कांकडून कळलं. अकरा वाजता शेडमध्ये चौघं बसलेले होते. एक म्हातारे राजे, एक म्हातारी राणी, एक दाढीवाला ऋषी आणि एक बुटका डाकू, वय तिशीच्या पुढे. मामा हात जोडत गेले. "या, या. प्रवास बरा झाला?"

"बरा झाला. एस.टी.ला गर्दी होती."

पोहे आले. म्हातारे राजे राणीला म्हणाले, "बघ, नाश्तासुद्धा देतात."

मामांनी विचारलं, चिरंजीव काय करतात. राजे म्हणाले, बॉयलरवर आहे. आता सोसायटीच्या सेक्रेटरीचा बॉयलर कुठून आला, हा प्रश्न कुणालाही पडेल. मामांना पडला नाही. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. उत्तर ऐकून घ्यायची त्यांना सवयच नाही.

मी रेल्वे ढकलून बाहेर काढली आणि हात पुसत शेडकडे पळालो. पाहतो तर शोभाताई चहाचा ट्रे घेऊन आलेली आणि पाटावर बसलेली. मामांची युक्ती. बसलेली असली की उंची कळत नाही. ती चौघं मात्र मन लावून बघत होती, नाटक बघावं तशी. ऋषींनी तर मांडी घातली होती.

ही माणसं दीपनगरची. वीज केंद्राच्या कॉलनीतून बाग बघायला आलेली. ती सावलीत टेकली होती आणि त्यांना वाटत होतं, हा पार्कातलाच एखादा खेळ आहे.

मी वाकून शोभाताईच्या कानात म्हटलं, "ताई, हे ते नाहीत."

"माहितीये," ती ओठ न हलवता म्हणाली. "बिल्ले मीच दिलेत."

मी सरळ होऊन बाजूला उभा राहिलो.

मामा म्हणाले, "शोभा, उभी राहा जरा." आणि घाईनं पाहुण्यांना, "म्हणजे अगदीच काही उंच नाही." ती उभी राहिली. शेडमध्ये शांतता झाली. ही शांतता मी ओळखतो, मागच्या स्थळांना ऐकलीये.

डाकू आपणहून उठला. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिच्या खांद्याला लागत होता. त्यानं मामांना विचारलं, "पगडीसकट मोजायचं का पगडी काढून?"

म्हातारी राणी तोंडाला पदर लावून हसली. शोभाताईनं खालचा ओठ दातांत धरला. अक्कांना काही कळेना, हसावं की काय करावं.

"तुम्हाला काही विचारायचंय मुलीला?" मामा म्हणाले.

"हो," डाकू म्हणाला. "हा कार्यक्रम दर रविवारी असतो का?"

मामांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी शोभाताई बोलली.

"दर रविवारी. अकरा वाजता."

"बरं," तो म्हणाला आणि खाली बसून उरलेला चहा प्यायला.

मग अर्थात खरे राजे आले, बोगद्यातल्या काजळीनं काळे झालेले. गोंधळ झाला, पुन्हा पोहे झाले, शोभाताई पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली. कार्डाचीसुद्धा वाट बघावी लागली नाही. राजकुमाराच्या वडिलांनी कपडे बदलता बदलता माझ्याकडेच निरोप ठेवला, 'उंच आहे.' दीपनगरचा तो डाकू त्याआधीच आपले कपडे घेऊन गेला होता. वहीत नाव होतं वसंत. खरं काय ते त्याला सांगणार होतो, पण शोभाताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

संध्याकाळीच मामांनी शिंदखेड्याला निरोप धाडला. बिजवर पुढच्या रविवारी येणार. बोलणी नाहीत, थेट सुपारी. अक्का रडल्या, पण हो म्हणाल्या. मी मामांना म्हटलं, तुम्हीच का नाही करत त्याच्याशी लग्न? त्यांनी चप्पल काढली. आबा मधे पडले, नाहीतर तोही एक किस्सा झाला असता.

रविवार आला. पावणेअकराला एस.टी. थांबली आणि वसंत उतरला. एकटाच. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मुरलीभाऊ म्हणाले, डाकूचा ड्रेस मोकळा शे, फुकट जाय. तो नको म्हणाला. तिकीट काढलं आणि शेडमध्ये जाऊन त्याच खुर्चीवर बसला.

अकराला शिंदखेड्याची जीप आली. मामा कोट सावरत गेटकडे धावले. बिजवर उतरला, पाटी वाचायला लागला.

शोभाताई पोह्यांचा ट्रे घेऊन खोलीतून निघाली. गेटकडे वळली नाही, सरळ शेडमध्ये गेली. पाट पायानं बाजूला सरकवला, खुर्ची ओढली आणि वसंतच्या समोर बसली. मी कारंज्याजवळ उभा होतो.

मामा गेटवरून ओरडले, "अगं शोभा, पाहुणे इकडे आहेत!"

"त्यांना ड्रेस द्यायला सांगा," ती मागे न बघता म्हणाली. "आणि रेल्वेत बसवा."

वसंतनं पोह्यांची बशी घेतली. पोहे खाल्ले नाहीत, बशी मांडीवर ठेवली. त्यानं विचारलं, "आज मी काय करायचं असतं?"

शोभाताईनं पदर सारखा केला आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

"आज तुम्ही चालून दाखवा," ती म्हणाली.